उन्हाकडे पाठ

जूनमधल्या त्या शुक्रवारी बनी लौज गावात घरी कोणी उरलेच नव्हते. म्हातारे, बाळंतिणी, कडेवरची पोरे, झाडून सगळे दवाखान्याच्या अंगणात जमले होते आणि माणसांमागून चार शेळ्याही आल्या होत्या. दवाखान्याच्या सपाट छपरावर सोलरच्या सहा प्लेटा होत्या. त्यांच्यासमोर एका हातात गुलाबपाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात खजुरीचा झाडू घेऊन बाहेरगावाहून आलेला, झाडफूक करणारा शेख नौफल उभा होता.

"लोकहो," तो वरून ओरडला, "काब्याकडे पाठ करून आजवर कुणाचं भलं झालंय?"

"कुणाचंच नाही!"

"मग ह्या प्लेटांनी तोंड कुणीकडे केलंय? दक्षिणेकडे! दक्षिणेला काय आहे?"

"समुद्र," कोणीतरी चाचरत म्हणाले.

"समुद्र! म्हणजे उजेडाचा नूर मागायचा तो माशांकडे?"

अंगणात हशा पिकला आणि हसता हसता सगळ्यांना आपली लाजही वाटली. अतीकाही हसली. तिने आपल्या नऊ वर्षांच्या लेकीचा, शुजूनचा हात घट्ट धरला होता. शुजूनला साखरेचा आजार होता. रोज दोन वेळा सुई, आणि सुईचे औषध ह्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये. युद्धाने वाटा बंद झाल्यापासून औषध सहा सहा महिन्यांनी एकदाच वर यायचे. फ्रिजबाहेर ते जेमतेम महिनाभर टिकते. एप्रिलपासून फ्रिज मधूनच गार, मधूनच कोमट चालला होता. अशा आईला कोणी माशांवर विनोद करून फ्रिज गार करून देणार असेल, तर ती हसणारच.

गुलाबपाणी चार थेंबांत संपले. मग शेखने विहिरीच्या पाण्याच्या चार घागरी वर मागवल्या, ओठ हलवत प्लेटा खसाखसा घासल्या आणि छपराच्या नळीतून गढूळ लाल चिखल अंगणात गळला. त्यानंतर नट सैल करून त्याने एकेक प्लेट फिरवली आणि मक्केच्या दिशेने, म्हणजे उत्तरेला जरा पश्चिमेकडे, वाकवून उभी केली.

"आता ह्या नमाजाला उभ्या राहिल्या," तो म्हणाला. "बघा खाली काय होतंय ते!"

दवाखान्यातून गमदान धावत बाहेर आला. तो कंपाउंडर, पण गावात दुसरे कोणी नसल्यामुळे सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. "चढला! बॅटरीच्या मीटरचा काटा चढला!" तो ओरडला आणि बायकांनी जिभा हलवून अशी ललकारी दिली की शेळ्या पळाल्या.

अतीकाचा नवरा जलाल भिंतीला टेकून उभा होता. गालात तरतरीसाठी चघळायच्या क़ातच्या पानांचा बकाणा होता. दोन वर्षांपूर्वी ह्या प्लेटा आपल्या ट्रकमधून वर आणून त्यानेच बसवल्या होत्या.

"दोन महिन्यांची धूळ," तो पुटपुटला. "मला एवढं घासलं तर मीही चमकेन."

"धूळ ठीक. पण तोंड फिरवलं तेही मानवलं की," अतीका म्हणाली.

"हो, ते खरं." जलालने कपाळाला आठ्या घातल्या. "ते एकदा मोजून बघायला पाहिजे."

आठवड्याभरात गावातल्या चाळीसच्या चाळीस घरांच्या प्लेटा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केकडे वळल्या. घरटी एक मधाची बरणी शेखकडे पोचली. वलीच्या, म्हणजे गावच्या संताच्या कबरीशेजारची खोली त्याला राहायला मिळाली. जलालचे मोजायचे मात्र राहून गेले.

ऑगस्टच्या विसाव्या दिवशी त्याचा ट्रक घाटात घसरला. खालचा सरळ रस्ता चौक्यांनी अडवलेला, म्हणून सगळे ट्रक त्या वळणावळणाच्या वाटेने जात. लोकांनी त्याला चादरीत गुंडाळून वर आणले. त्याच्या खिशात शुजूनसाठी घेतलेली रंगीत खडूंची पेटी होती.

अतीका इद्दतीला बसली. विधवेचे चार महिने दहा दिवस. बाहेर पडायचे नाही, नटायचे नाही, परक्या पुरुषासमोर यायचे नाही. तिचे घर गावाच्या वरच्या टोकाला होते आणि वरच्या खोलीला एकच खिडकी होती, दक्षिणेकडची. तिथून उतारावरचे सगळे गाव दिसे, सगळी छपरे, सगळ्या प्लेटा, आणि पार खाली ती घाटाची वाट, जिच्यावरून जलाल यायचा. ती त्या वाटेकडे बघत बसे. रडून झाले की पुन्हा बघत बसे. गाव चौक्यांत अडकलेले, आणि ती त्या गावातल्या एका खोलीत.

दिवस मोजायला तिने जमिनीवर कोळशाच्या खुणा करायला सुरुवात केली. दर शुक्रवारी दुपारच्या अजानला खिडकीतले ऊन जिथवर आत आले असेल, तिथे एक रेघ. अजान देणारा हाजी मुकबिल तिचा सख्खा मामा. त्याचा आवाज कानावर आला की तेवढ्यापुरते कोणीतरी जवळ असल्यासारखे वाटे. पहिल्या शुक्रवारी ऊन खिडकीच्या दगडावरच थांबले होते. सप्टेंबरअखेर ते जमिनीवर उतरले. मग दर आठवड्याला चांगले चार बोटे पुढे सरकू लागले.

आणि ऑक्टोबरात गावातले दिवे मंदावले. मिणमिणते झाले, मग जेवणे व्हायच्या आत विझू लागले. गमदानने निरोप धाडला की फ्रिज दुपारनंतर बंद पडतो. औषध त्याने मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते. त्याने ते गार राहत होते, पण पुरेसे नाही. नवा साठा एप्रिलपर्यंत येणार नव्हता.

शेख नौफलकडे उत्तरे तयार असत. आधी तो म्हणाला, नमाज चुकतेय. लोक वेळेवर नमाजाला आले. मग म्हणाला, मधात भेसळ आहे. लोकांनी चांगला मध दिला. पुन्हा पुन्हा गुलाबपाणी शिंपडले, पुन्हा पुन्हा प्लेटा घासल्या; काटा थोडासा चढे आणि बसे. एक गोष्ट मात्र सगळ्यांना दिसत होती. गाव अंधारात बुडाले तरी शेखच्या खोलीतला दिवा लखलखत असे. "पुण्याई!" लोक म्हणत, आणि आपापल्या पापांची यादी करत.

डिसेंबराच्या मध्यावर शेजारची हुरिया भाकऱ्या द्यायला आली आणि उंबऱ्यातच घुटमळली.

"बोल ना," अतीका म्हणाली. "काय झालं?"

"रागावू नकोस हं, बाई. शेख म्हणतो, ऑगस्टपासून नूर हळूहळू उतरत गेला. ऑगस्टपासून काय बदललं गावात? तर... तू खिडकीत बसायला लागलीस."

"मी?"

"सगळ्या प्लेटांची तोंडं तुझ्या खिडकीकडे आहेत ना. इद्दतीतल्या बाईची नजर दिवसभर त्यांच्यावर पडते. म्हणून त्या सुकल्या, असं तो म्हणतो. मी नाही म्हणत हं!"

"तू काय म्हणतेस मग?"

हुरियाने ओढणीचे टोक चावले. "मी कशाला काय म्हणू? माझ्याही घरात दिवा लागत नाही."

ती गेल्यावर अतीका आधी संतापली, मग घाबरली. जिच्या नवऱ्याने ह्या गावात उजेड आणला तिच्याच डोळ्यांनी तो विझवला म्हणे! पण सगळ्यात वाईट हे की क्षणभर तिला स्वतःलाही ते खरे वाटले. माणूस बरेच दिवस कोंडलेला असला की त्याला कोणताही गुन्हा आपलाच वाटायला लागतो. ती खिडकीपाशी गेली आणि तिने मुद्दाम, डोळे फाडून, त्या प्लेटांकडे पाहिले.

दुपारची वेळ होती. समोरून ऊन डोळ्यांत घुसत होते, म्हणून तिने कपाळावर हात धरला. आणि तो हात तसाच राहिला. ऊन समोरून येत होते. प्लेटा तिच्याकडे तोंड करून होत्या, म्हणजे ऊन त्यांच्या पाठीमागून येत होते! काचा काळपट, मिटलेल्या दिसत होत्या, आणि सगळे ऊन त्यांच्या पाठींवर वाया चालले होते.

प्लेटा बसवताना तारेची टोके तिनेच धरली होती. तेव्हा जलाल म्हणाला होता, "ह्या काचेखाली वाळूतून काढलेल्या पातळ चकत्या आहेत. उजेड आपटला की आतले बारीक बारीक कण जागचे सुटतात. चकतीत एक बांध घातलेला असतो, तो त्यांना एकाच बाजूला जाऊ देतो. ते तारेत शिरले की झाली वीज."

"म्हणजे गरम झालं की वीज?"

"गरम नाही गं, उजेड. तव्यावर भाजलीस तरी एक दिवा लागायचा नाही. उजेड जेवढा सरळ आपटेल तेवढे जास्त कण सुटतात."

तिने जलालची पेटी उघडली. त्याच्या अंगाचा वास असलेला एक रुमाल वर होता, तो बाजूला ठेवायला तिला वेळ लागला. खाली काट्याचा मीटर होता, आणि ट्रकवर लावायची एक लहान प्लेट.

दोन दिवसांनी, गुरुवारी, मामा आला. हाजी मुकबिल एरवी येताना शुजूनसाठी मूठभर बदाम आणायचा. आज हात रिकामे होते आणि नजर जमिनीकडे.

"उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर तुझी खिडकी चिणणार आहेत," तो म्हणाला. "पंचायत बसली होती. दगड मला आणायला सांगितलेत. म्हणजे घरातल्या माणसाच्या हातून झालं, असं."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मी एकटा काय करू, पोरी? शेख म्हणाला, नाहीतर शुजूनचं औषध नासल्याचं पाप माझ्या डोक्यावर."

"मामा, इथं बसा." अतीकाने जमिनीवरच्या खुणांकडे बोट दाखवले. "ह्या रेघा बघा. ही पहिल्या शुक्रवारची. ही गेल्या शुक्रवारची. तुमच्या अजानला ऊन किती आत आलंय?"

मामाने वीत टाकून मोजले. "चार विती. मग? हे मला माहीत आहे. मशिदीच्या अंगणात मी काठी रोवतो ना. तिची सावली वळली की दुपारची अजान. उन्हाळ्यात दुपारची सावली दक्षिणेला पडते, हिवाळ्यात उत्तरेला. माझ्या बापालाही हे माहीत होतं."

"सावली दक्षिणेला, म्हणजे सूर्य कुणीकडे?"

"उत्तरेला."

"जूनमध्ये सूर्य उत्तरेला. तेव्हा शेखनं प्लेटा उत्तरेला वळवल्या, काटा चढला. आता सूर्य कुणीकडे आहे, मामा?"

हाजी मुकबिल उठून खिडकीपाशी गेला. त्याने खाली आपल्या छपराकडे पाहिले. चाळीस वर्षे तो दररोज सूर्याची जागा मोजत आला होता आणि चार महिने त्याच्या स्वतःच्या छपरावरच्या प्लेटा सूर्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"आणि आणखी एक," अतीका म्हणाली. "खाली छपरं बघा. सगळ्या प्लेटा माझ्याकडे बघताहेत. एक सोडून. ती वलीच्या कबरीजवळची, कठड्याआड ठेवलेली. तिची मला पाठ दिसते. पांढरी."

मामाने डोळे बारीक केले. "ती तर शेखची खोली."

"खालून कठडा आड येतो, कुणाला दिसत नाही. गावात फक्त एका खिडकीतून दिसते. तीच त्याला चिणायची आहे."

शुक्रवारी नमाज आटोपून अख्खे गाव पुन्हा गोळा झाले, ह्या वेळी अतीकाच्या खिडकीखाली. दगडांचा ढीग होता, कालवलेला चुना होता, गाढव होते. गावचा प्रमुख सैफ कमरेच्या वाकड्या खंजिराच्या, जांबियाच्या पट्ट्यात अंगठा खुपसून उभा होता. शेख नौफल मोठमोठ्याने सांगत होता की नजरेला दगडाशिवाय उतारा नाही. खिडकीच्या झापेआड अतीका उभी होती. शुजून तिच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती; दोन दिवस पोरीची तहान भागत नव्हती. तो तांब्या पाहिला आणि अतीकाने झाप बाहेर लोटून उघडली.

"सैफकाका!" ती आतूनच ओरडली. "चिणायच्या आधी एक मोजून घ्या. मग मीच तुम्हाला आतून दगड लावू लागते."

"बाई बोलतेय!" शेख किंचाळला. "इद्दतीतली बाई!"

"बोलू दे की," सैफ म्हणाला. "बोलण्यानं खिडकी मोठी होत नाही."

खिडकीतून दोरीने लहान प्लेट खाली आली, तिच्या तारांना जोडलेला मीटर आला. हाजी मुकबिलने मीटर सैफच्या हातात दिला. "शेखसाहेब, धरा किब्ल्याकडे," तो म्हणाला. "तुमच्या मनाला येईल ते म्हणा."

शेखने प्लेट किब्ल्याकडे वाकवून धरली आणि बराच वेळ, चांगले रंगून, काहीतरी म्हटले.

"काटा पाच घरांवर," सैफने वाचले.

"आता काही न म्हणता तिकडं वळवा. सूर्याकडे."

"मी असं..."

मामाने त्याच्या हातातली प्लेट घेतली आणि दक्षिणेकडे वळवली. काटा टणकन उडाला.

"बारा!" सैफ म्हणाला. त्याने पुन्हा स्वतः फिरवून पाहिले. पाच. बारा. पाच. बारा. लहान मुलाला खेळणे मिळावे तसा तो फिरवतच राहिला. मग गमदानने मागून घेतले, मग हुरियाने गर्दीतून हात पुढे केला.

"जिन्नांचा खेळ आहे!" शेख ओरडला. "जूनमध्ये तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, माझ्या दुव्यानं काटा चढला!"

"चढला," खिडकीतून अतीका म्हणाली. "चार घागरी पाण्यानं धूळ गेली, म्हणून चढला. आणि जूनमध्ये सूर्य उत्तरेला असतो, म्हणून चढला. मामाच्या काठीची सावली विचारा. पावसात बादली सरळ धरली तर भरते, आडवी धरली तर कडेवरून पाणी निघून जातं. उन्हाचंही तसंच आहे. काच समोर धराल तर भरेल, पाठ कराल तर रिकामी. त्यात ना तुमची पुण्याई, ना माझी नजर. आणि खरं वाटत नसेल तर कुणीतरी शेखसाहेबांच्या छपरावर चढा. त्यांची प्लेट कुणीकडे तोंड करून आहे, तेवढं सांगा."

शेखचा चेहरा पडला तो सगळ्यांना दिसला. गमदान पळतच गेला. थोड्या वेळाने कबरीजवळच्या कठड्यावर त्याचे डोके दिसले.

"समुद्राकडे!" तो तिथून हाका मारत सुटला. "माशांकडे! लोकहो, हा स्वतः माशांकडून नूर मागतोय!"

कोणी हसले, कोणी शिव्या दिल्या. सैफने शेखच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो हात प्रेमाचा नव्हता. "आमच्या पोरीचं औषध नासत होतं," तो म्हणाला, "आणि तुला कळलेलं होतं. कधीपासून?" शेख खांदा सोडवून घेऊन खोलीकडे चालू लागला. दुसऱ्या दिवशी त्याची खोली रिकामी होती. मधाच्या बरण्याही.

हाजी मुकबिल मात्र खाली मान घालून उभा होता. "चाळीस वर्षं सूर्य मोजतोय मी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "किब्ला माणसाच्या नमाजाला दिलाय. काचेला नाही. एवढं मला कळायला हवं होतं. शेख खोटारडा होता, पण मी तर विचारच केला नाही. आता हे दगड घ्या आणि चला."

खिडकी चिणायला आणलेले दगड गाढवावरून दवाखान्याच्या छपरावर गेले. प्लेटा फिरवून दक्षिणेकडे केल्या आणि मागची बाजू उचलून धरायला दोन दोन दगड खाली लावले. अतीका खिडकीतून बघत होती. एकेक काच तिच्याकडे पाठ करू लागली, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणी पाठ फिरवल्याचा तिला आनंद झाला. संध्याकाळी गमदानचा निरोप आला, फ्रिज चालू राहिला आहे. मडक्यातल्या बाटल्या त्याने आत ठेवल्या होत्या. जुन्यांतली एक नासली होती, ती टाकून नवी उघडली होती. अतीकाने शुजूनला सुई दिली. त्या रात्री पोर पाणी न मागता झोपली.

इद्दत संपायला अजून आठवडा होता. शेवटच्या दिवशी सैफ खिडकीखाली आला आणि वर न बघता म्हणाला, "अतीका, गावाचं चुकलं. बाकीच्या घरांच्या प्लेटा तू सांगशील तशा लावतो. तू म्हणशील तेच खरं."

"मी म्हणते म्हणून नका लावू, काका," अतीका म्हणाली. "शेखनंही सांगितलंच होतं, आणि तुम्ही लावल्या. मेमध्ये सूर्य पुन्हा डोक्यावरून उत्तरेला जाईल, तेव्हा हे दगड काढावे लागतील. त्या दिवशी मला विचारायला येऊ नका. अंगणात एक काठी रोवा आणि सावली कुणीकडे पडते ते बघा."